दिव्याभोवतीचे रंग

"दिव्याभोवती रंग दिसतात का हो तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी चक्क लाजले. पदर सावरला आणि सवयीने खाली बघितलं. कंपाउंडर दारात उभा, माझी सात वर्षांची जया उंच स्टुलावर पाय हलवत बसलेली, आणि हे गृहस्थ चारचौघांत हे काय विचारताहेत! हा प्रश्न मला आजवर जगात एकाच माणसाने विचारला होता, तोही जेवणं आटोपल्यावर, डोंबिवलीच्या आमच्या मागच्या गॅलरीत, हलक्या आवाजात. कल्याणच्या दवाखान्यात, स्पिरिटच्या वासात, परक्या पुरुषाच्या तोंडी तो ऐकून मला कुणीतरी आमच्या खोलीचं दार न वाजवता उघडल्यासारखं झालं. मी म्हणाले, "नाही." खोटं बोलले. गणपतीपासून मला दिव्याभोवती रंग दिसत होते. आरतीच्या निरांजनाभोवती पहिल्यांदा दिसले, बाहेरून लाल, आतून निळसर, आणि मला इतका आनंद झाला होता की आरती म्हणायची राहून गेली होती.

खरं म्हणजे आम्ही गेलो होतो जयासाठी. तिच्या बाईंनी सांगितलं, मुलगी पाटी अगदी नाकाला लावते, डोळे दाखवून घ्या. मला वाटलं चष्मा लागेल, फार तर मुलं चष्मिष्ट म्हणून चिडवतील. डॉक्टरांनी जयाच्या डोळ्यात बॅटरी मारली, छोटी पट्टी डोळ्याशी धरून काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "जरा वर बघा," म्हणाले. मी बघितलं, असं मला वाटलं. "वर. माझ्याकडे. अहो, वर बघा बाई!" जया हसली. तिशीच्या घरात आलेल्या बाईला वर कसं बघायचं ते शिकवायला लागावं, याचं मलाही हसू आलं. मग त्यांनी तीच पट्टी माझ्या डोळ्याशी धरली.

"मुलीचं बुबुळ जन्मतःच लहान आहे," ते म्हणाले. "बुबुळावर एक काच असते, घड्याळावर असते तशी. तीच लहान. तुमचीही तशीच आहे. लाखात एखाद्याची असते. लहानपणी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"बहुतेकांचं आयुष्य नीट जातं. पण अशा डोळ्यात आतल्या पाण्याला वाट अरुंद. पुढे दाब वाढू शकतो, काचबिंदू होऊ शकतो. म्हणून विचारलं मघाशी. दिव्याभोवती रंग दिसले, कपाळ दुखलं, तर त्याच दिवशी यायचं. वेळेत आलात तर थेंब घालून थांबवू, नाहीतर ऑपरेशन करू. गेलेली नजर मात्र परत आणता येत नाही कुणाला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण त्या क्षणी डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं. मनात आलं, की हा प्रश्न जर डॉक्टरांचा आहे, तर आमच्या घरी तो काय करत होता? मी जयाला स्टुलावरून उतरवलं, चष्म्याचा नंबर घेतला आणि बाहेर पडले. बाहेर बाजारात धान्याच्या गोण्या उतरत होत्या, टांगेवाले ओरडत होते, जया बोरं घे म्हणून पदर ओढत होती. मी बोरं घेतली. स्टेशनपर्यंत चालत आले. दुपारच्या गाडीत खिडकीशी बसले, आणि ठाकुर्लीच्या पॉवर हाउसची धुरांडी दिसायला लागली तेव्हा मला सगळं एकदम कळलं. जया बोरांच्या बिया खिडकीतून नेम धरून टाकत होती.

त्या पॉवर हाउसात आमचे हे कारकून आहेत. प्रभाकर. घेतलं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, आज रागात घेते. वीज करायच्या कारखान्यात नवरा आणि घरात कंदील, म्हणून शेजारणी मला हसतात. पण आमच्या मागच्या गॅलरीतून संध्याकाळी तिकडचे दिवे दिसतात. शेतं, मग अंधार, मग एकदम दिव्यांची रांग. स्वराज्य आलं त्या वर्षी माझं लग्न झालं. नवीन नवीन होते, या माणसाशी काय बोलायचं ते समजत नव्हतं. हे बोलायचे ते भाजी, गाडी आणि साहेब यांच्याबद्दल. कोरडा माणूस पडला आपल्या वाट्याला, असं मनाशी म्हणून मी गप्प असायचे. आणि एक दिवस गॅलरीत माझ्या शेजारी उभे राहून, तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, "काय गं, त्या दिव्यांभोवती रंग दिसतात का तुला?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या माणसाच्या पोटात हेही आहे तर! त्या एका वाक्यावर मी संसार केला म्हटलं तरी चालेल. सासूबाईंची बोलणी, पाण्याची ओढाताण, जयाच्या आधी गेलेलं मूल, या सगळ्यात मला वाटायचं, आपला नवरा दिव्यात रंग शोधणारा आहे, त्याला बोलता येत नाही इतकंच. महिन्या दोन महिन्यांनी ते विचारायचे. मला रंग दिसायचे नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटायचं, आपलीच नजर रुक्ष म्हणून.

एकदा मी खोटंच "दिसतात" म्हटलं होतं. दिवाळी होती, अंगावर नवं लुगडं होतं, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "दिसतात ना, अगदी मोरपिसासारखे." त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. मला वाटलं, भरून आलं त्यांना. दुसऱ्या दिवशी रजा काढून त्यांनी मला मुंबईला नेलं, राणीची बाग दाखवली, आणि परत येताना एका डॉक्टर मित्राकडे चहाला म्हणून थांबलो. मित्र चहा न देता माझ्या डोळ्यात बॅटरी मारत बसला. मला ते विचित्र वाटलं, पण मुंबईचे लोक असतील तसे, म्हणून मी सोडून दिलं. गाडीत हे अचानक चिडून म्हणाले, "उगाच काहीतरी सांगत जाऊ नकोस." मला रडू आलं. मी मनाशी म्हटलं, खोटं प्रेम दाखवलेलं त्यांना कळलं. तेव्हापासून शहाण्यासारखी खरं सांगायला लागले, "नाही दिसत," आणि हे लगेच पाठ फिरवून गाढ झोपायचे. केवढं कौतुक वाटायचं मला त्या झोपेचं. बायको रोज समोर असूनही माणसाची अशी पहारा संपवून आल्यासारखी झोप का असावी, हे मात्र कधी मनात आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

आणि अण्णा. लहान बुबुळ ही काय आज जन्मलेली गोष्ट होती? ठाण्याला आमच्या आळीत मुलं मला मिरी म्हणायची. पांढऱ्या डोळ्यात मिरीचा दाणा. मी रडत घरी यायचे आणि अण्णा, माझी आई लवकर गेली म्हणून आईही तेच झालेले माझे वडील, मला मांडीवर घेऊन म्हणायचे, "मिरी केवढी असते? पण एका दाण्याने आमटीला चव येते." मला तेवढ्यावर समाधान असायचं. ते मला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, हेही गाडीत आज आठवलं. अंधारी खोली, डोळ्याशी धरलेली थंडगार पट्टी, आणि बाहेर आल्यावर लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. अण्णा एक शब्द बोलले नव्हते, आणि नेहमी एक गोळी देणाऱ्या अण्णांनी सगळी पुडी माझ्या हातात दिली होती. लहानपणी कुणी सांगितलं नाही का, यावर डॉक्टरांना मी "नाही" म्हणाले ते खोटं नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. दाखवलं मात्र होतं.

त्यानंतरच बहुधा सुरू झालं ते खाली बघणं. अण्णा सांगायचे, "मुलीच्या जातीने खाली बघून चालावं." "बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघू नये." आळीतल्या इतर मुली पोरांकडे बघून दात काढायच्या, मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत शाळेत जायचे. बायका अण्णांना म्हणायच्या, आई नसताना काय वळण लावलंत हो मुलीला! अण्णा हात जोडायचे. मला त्या वळणाचा गर्व होता. आजपर्यंत होता. सगळ्या ठाण्यात मर्यादशील कोण, तर मी. आता कळतंय की ती मर्यादा नव्हती, झाकण होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ माझ्याच पापण्यांची.

मला बघायला आले तेव्हाही तेच. पोहे झाले, नाव विचारून झालं, सासूबाईंनी सुई-दोरा पुढे केला, "ओव बघू." मी पहिल्या झटक्यात ओवला. "वर बघ गं बाळ जरा," त्या म्हणाल्या, आणि मी वर बघणार एवढ्यात अण्णा हसून म्हणाले, "फार लाजाळू आहे. फोटो बघितलाच आहे की तुम्ही." सगळे हसले. फोटो! डोंबिवलीच्या स्टेशनवर उतरताना मला तो फोटो आठवला आणि मी इतकी भरभर चालायला लागले की जया मागे राहून ओरडली, "आई, थांब ना गं!"

तो फोटो आमच्या खोलीत खिडकीच्या बाजूला टांगलेला आहे. ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या एका फोटोवाल्याकडे काढलेला. कागदी फुलांच्या कुंडीवर हात ठेवून मी उभी. फोटोवाला मात्र मला वर बघा म्हणाला, मी बघितलं, अण्णांनीही अडवलं नाही, आणि मग मला बाहेर बाकावर बसवून ते बराच वेळ आत बोलत राहिले. फोटो घरी आला तेव्हा मी थक्क झाले. त्यातली मुलगी सुंदर होती. तिचे डोळे काळेभोर होते, मोठे होते. "अण्णा, ही मी?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "आरसा काय, कसाही असतो. फोटोत खरं रूप उतरतं." मी ते धरून बसले. रोज आरशात मिरी दिसायची, आणि मी मनाशी म्हणायचे, आरसा स्वस्तातला आहे. लग्नानंतर मी तो फोटो हट्टाने इथे आणला. जयाची वेणी घालताना तिला सांगायचे, बघ, तुझी आई अशी होती.

घरी आल्यावर पायसुद्धा न धुता मी तो उतरवला. मागचे खिळे सांडशीने उपटले, काच बाजूला केली. दुपारचं उन्ह खिडकीतून तिरकं येत होतं, त्यात फोटो धरून हलवला. सगळा कागद चकाकला. साडी, फुलं, कपाळ चकाकलं. डोळ्यांच्या जागी मात्र दोन गोल निस्तेज ठिपके राहिले, कागदावर तेल सांडल्यावर राहतात तसे. तिथे ब्रशने रंग भरला होता. काम फार सफाईचं होतं. पदराचं टोक ओलं करून मी एका डोळ्यावरून फिरवलं. काळं पदराला लागलं आणि आतून माझा डोळा वर आला, लहान, माझ्याकडेच बघणारा. मी खाली बसले आणि खूप रडले. अण्णा, तुम्हालाच मी आवडले नव्हते का? सोयऱ्यांना फसवलंत ते एक वेळ चाललं असतं, सगळे बाप थोडंफार फसवतात. मला कशाला फसवलंत? पण अण्णांना जाऊन दोन वर्षं होत आली. भांडायलाही माणूस ठेवला नाही.

"आई, फोटो का मोडलास?" जयाने विचारलं.

"मोडला नाही. धुतला."

ती जवळ येऊन बघायला लागली. "आता एक डोळा माझ्यासारखा झाला," ती म्हणाली आणि पाटी घेऊन गॅलरीत गेली.

दिवस लहान झाले होते. हे कामावरून परत आले तोवर मी कंदील लावलेला होता. काचेभोवती रंग होते, रोजच्यासारखे. कपाळही रोजच्यासारखं दुखत होतं, सुंठ उगाळून लावायचंही सुचलं नव्हतं. ह्यांनी पाय धुतले, टोपी खुंटीला लावली आणि टेबलावर सुटा पडलेला फोटो बघितला. एक काळाभोर डोळा, एक लहान. जया गॅलरीत पाढे म्हणत होती.

मी विचारलं, "अण्णांनी तुम्हाला कधी सांगितलं?"

कशाबद्दल, असं त्यांनी विचारावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी विचारलं नाही. ते हळूच खुर्चीवर बसले.

"साखरपुडा झाल्यावर," ते म्हणाले. "तलावपाळीवर फिरायला घेऊन गेले मला. म्हणाले, फोटो खोटा आहे. मुलीचे डोळे असे आहेत, पुढे काय होईल सांगता येत नाही. मोडायचं तर मोडा, मी दोष देणार नाही. रडले गं ते, तिथे, रस्त्यात."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, मला चालेल."

"तुम्हाला चालेल! डोळे कुणाचे होते?"

"अगं, शब्द घेतला त्यांनी माझ्याकडून. तिला सांगू नका म्हणाले. कळलं तर एकदा व्हायची ती रोज आंधळी होईल, असं म्हणाले. मी काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतं. आईंनाही ठाऊक आहे?"

त्यांनी खुंटीवरच्या टोपीकडे बघितलं. म्हणजे सासूबाईंनाही ठाऊक. म्हणून मला इतकी वर्षं संध्याकाळी शिवण करू देत नव्हत्या, आणि मी त्यांना मायाळू म्हणत होते. त्या मायाळू असतीलही. सगळे मायाळूच होते. एवढ्या मायेच्या माणसांनी मिळून मला माझ्याच घरात पाहुणी करून ठेवलं होतं.

"मी लक्ष ठेवत नव्हतो का?" त्यांचा आवाज चढला. "गॅलरीत विचारत नव्हतो? अण्णा आले की पहिलं मला बाजूला घेऊन तेच विचारायचे. एकदा तू हो म्हणालीस तर दुसऱ्या दिवशी मुंबईला नेलं की नाही तुला?"

"नेलंत. राणीची बाग दाखवलीत." मी म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही प्रेमाने विचारता. माझ्याजवळ उभं राहावंसं वाटतं म्हणून विचारता. एवढी एकच गोष्ट होती हो माझ्याकडे तुमची."

हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. जया गॅलरीत तेराच्या पाढ्यात अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"शेवटचं कधी विचारलंत?" मी म्हणाले.

"काय?"

"दिव्याभोवती रंग दिसतात का म्हणून. शेवटचं कधी विचारलंत, आठवा."

त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. "अण्णा गेले," ते सावकाश म्हणाले, "मग... कोण विचारणार होतं मला? इतकी वर्षं काही झालं नाही. म्हटलं, आता काय होतंय. आणि विचारताना दर वेळी छाती धडधडायची माझी. नको वाटायचं." एवढं बोलून ते एकदम थांबले. कंदिलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "का? मंदा? दिसतात?"

"गणपतीपासून."

ते ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. "गणपतीपासून? आणि तू बोलली नाहीस? तीन महिने? अगं, वेडी आहेस का तू? मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते," मी म्हणाले. "रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहत होते. या वेळी खरंच हो म्हणणार होते मी."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग पुढे होऊन कंदिलाची वात खाली केली, जसा काही सगळा गुन्हा कंदिलाचाच होता. खोली काळी पडली. ते त्या अंधारात म्हणायला लागले, उद्याच मुंबईला जाऊ, पहिल्या गाडीने, रजा टाकतो, आणि जयापुढे मात्र यातलं काही बोलू नकोस, लहान आहे ती, घाबरेल, तिला हळूहळू... अण्णांचाच आवाज होता तो, अगदी अण्णांचा. मी हात पुढे करून वात पुन्हा वर केली. काच तापलेली होती, बोट भाजलं. रंग पुन्हा उमटले, बाहेरून लाल, आतून निळे.

"उद्या मी कल्याणला जाणार आहे," मी म्हणाले. "आज डॉक्टरांना खोटं सांगितलं, ते खरं करून येते. तुम्ही आलात तर या."

मग मी गॅलरीकडे तोंड करून हाक मारली. "जया! पाटी ठेव आणि इकडे ये."

ती आली. दिव्याजवळ उभी राहिली, खाली मान घालून. तिलाही ती सवय लागलेली होती, मीच लावली असणार. मी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. दोन मिरीचे दाणे माझ्याकडे बघत होते.

"कंदिलाकडे बघ," मी तिला म्हणाले. "त्याच्याभोवती तुला काही दिसतं का, ते मला सांग. थांब, लगेच नको सांगू. मी का विचारते आहे, ते आधी सांगते."